बिशप, नाइटी आणि शनिवारची रात्र

श्रोते हो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, तह येतात, राज्याभिषेक येतात. पण एखाद्या समाजाचा इतिहास कधी कधी एका साध्या, थोड्या वात्रट प्रश्नातही सापडतो. असाच एक प्रश्न १२ फेब्रुवारी १९६६ रोजी, शनिवारी रात्री, आयर्लंडची राजधानी डब्लिन इथे विचारला गेला. दूरचित्रवाणीवर गप्पांचा कार्यक्रम चालू होता. समोर प्रेक्षक बसलेले आणि प्रक्षेपण थेट. नवरा-बायको एकमेकांना किती ओळखतात, हे पाहण्याचा एक खेळ त्यात होता. दोघांना वेगवेगळे बोलवायचे, एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. सूत्रसंचालकाने विचारले, लग्नाच्या पहिल्या रात्री बाईंनी घातलेल्या नाइटीचा रंग कोणता होता? नवरा म्हणाला, पारदर्शक. बायको आली, क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, मी तर काही घातलेच नव्हते. स्टुडिओत एकच हशा पिकला. मग तिने सावरून घेत सांगितले, पांढरा असेल.

एवढेच घडले. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण पश्चिम आयर्लंडमधल्या क्लॉनफर्ट धर्मप्रांताचे बिशप टॉमस रायन यांना ते सहन झाले नाही. त्यांनी त्याच रात्री ‘संडे प्रेस’ या वृत्तपत्राला आपला निषेध कळवला आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी झळकली. रविवारी सकाळी लॉख्रे गावच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा झाली. तिथल्या प्रवचनातही त्यांनी या कार्यक्रमाचा खरपूस समाचार घेतला आणि भाविकांना निषेध नोंदवण्याचे आवाहन केले. लॉख्रेच्या नगर समितीने बिशपांना पाठिंबा दिला. वृत्तपत्रांत दोन्ही बाजूंच्या पत्रांचा पाऊस पडला. आयर्लंडच्या इतिहासात हे प्रकरण ‘बिशप आणि नाइटी’ या नावानेच ओळखले जाते.

त्या कार्यक्रमाचे नाव ‘द लेट लेट शो’. ६ जुलै १९६२ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम एकविसाव्या शतकातही चालू राहिला. जगातल्या सर्वांत दीर्घायुषी गप्पांच्या कार्यक्रमांत त्याची गणना होते. पण आज मी त्याची सगळी कहाणी सांगणार नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या एकाच हंगामाबद्दल, १९६५-६६च्या हंगामाबद्दल. कारण शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपणाऱ्या या हंगामात एका देशाने पहिल्यांदाच आपल्या घरातल्या गोष्टी चारचौघांत बोलायला सुरुवात केली.

आधी त्या काळचा आयर्लंड कसा होता ते पाहू. १९६६च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. त्याआधीच्या दशकात सुमारे चार लाख माणसे पोटापाण्यासाठी देश सोडून गेली होती, बहुतेक इंग्लंडला. उरलेल्यांपैकी बहुसंख्य कॅथलिक. १९३७च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिले होते. घटस्फोटाला त्याच घटनेने बंदी केली होती. गर्भनिरोधक साधनांच्या विक्रीला आणि आयातीला १९३५च्या कायद्याने मनाई होती. पुस्तकांवर १९२९च्या कायद्याने सेन्सॉर बसला होता आणि देशातल्या बहुतेक चांगल्या लेखकांची पुस्तके केव्हा ना केव्हा त्याच्या तावडीत सापडली होती. सरकारी नोकरीतल्या मुलीने लग्न केले की तिला नोकरी सोडावी लागे. हा नियम १९७३पर्यंत चालला. शाळा, इस्पितळे, अनाथाश्रम यांतला मोठा भाग धर्मगुरूंच्या आणि जोगिणींच्या हाती होता.

अशा देशात ३१ डिसेंबर १९६१च्या रात्री दूरचित्रवाणी आली. उद्घाटनाचे भाषण राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांनी केले. डी व्हॅलेरा हे नाव आपल्याकडच्या स्वातंत्र्यचळवळीतल्या पिढीला चांगले परिचित होते. सुभाषचंद्र बोस १९३६ साली डब्लिनला जाऊन त्यांना भेटले होते. तर उद्घाटनाच्या दिवशी या वृद्ध नेत्याने दूरचित्रवाणीची तुलना चक्क अणुशक्तीशी केली. तिने अमाप भले होऊ शकते, पण कधीही भरून न येणारी हानीही होऊ शकते, असे ते म्हणाले. ज्या यंत्राचे उद्घाटन करायचे त्याचीच भीती बोलून दाखवायची, असा तो प्रसंग होता.

‘लेट लेट शो’चा जन्म मात्र कुठल्याही मोठ्या उद्देशाने झाला नव्हता. उन्हाळ्यात कार्यक्रमांची टंचाई असते, ती जागा भरून काढायची, एवढाच हेतू होता. कल्पना निर्माते टॉम मॅकग्रा यांची. आयरिश घरात शेकोटीभोवती यजमान आणि शेजारीपाजारी गप्पा मारत बसतात, तेच चित्र पडद्यावर आणायचे. यजमान म्हणून निवड झाली गे बर्न या २७ वर्षांच्या तरुणाची. बर्नचे वडील डब्लिनच्या प्रसिद्ध गिनेस मद्यकारखान्यात कामाला होते आणि त्याचे शिक्षण ख्रिश्चन ब्रदर्स या धार्मिक संघाच्या शाळेत झाले होते. नीटनेटका, गोड आवाजाचा, अदबीने बोलणारा हा तरुण बंडखोर वगैरे मुळीच नव्हता. १९६४-६५चा हंगाम फ्रँक हॉल यांनी चालवला आणि त्यानंतर बर्न परत आला तो ३४ वर्षे त्या खुर्चीवर बसण्यासाठीच.

या कार्यक्रमाची ताकद कशात होती? एक तर तो थेट प्रक्षेपित होई. आधी लिहिलेले काही नाही, नंतर कापाकापी नाही. दुसरे म्हणजे त्यात वादाला जागा होती. गायक येत, नट येत, लेखक येत, ‘फादर फर्गल ओ’कॉनर’ यांच्यासारखे धर्मगुरूही येत, आणि समोर बसलेले प्रेक्षक मधेच बोलू शकत. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिटिश वाहिन्या दिसत आणि त्यांवर याहून धीट कार्यक्रम चालत. पण ते ‘इंग्रजांचे चाळे’ म्हणून सोडून देता येत होते. ‘लेट लेट शो’ घरचा होता. बोलणारे आपल्याच माणसांसारखे, आपल्याच ढंगात बोलत होते. देशाची स्वतःची वाहिनी १९७८पर्यंत एकच होती. त्यामुळे आजी, आई-वडील आणि वयात आलेली मुले एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर बसून एकच वाद ऐकत. ज्या विषयावर त्या घरात आजवर कोणी तोंड उघडले नव्हते, तो विषय पाहुण्यासारखा आत येऊन बसायचा.

आता १९६५च्या हिवाळ्याकडे येऊ. ८ डिसेंबरला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची सांगता झाली. मिस्सेची भाषा, इतर धर्मांशी संबंध, सामान्य भाविकांचे चर्चमधले स्थान, अशा अनेक बाबतींत जगभरच्या कॅथलिक चर्चने दारे-खिडक्या उघडायचे ठरवले होते. पण डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड परिषदेहून परतले आणि त्यांनी आपल्या लोकांना दिलासा दिला की, तुमच्या ख्रिस्ती जीवनाची शांतता बिघडवील असा कुठलाही बदल होणार नाही. मॅक्वेड हे अतिशय प्रभावी गृहस्थ होते. वाद चव्हाट्यावर आणणे ही त्यांची पद्धत नव्हती. एखादे पत्र, एखादा निरोप, एखाद्या अधिकाऱ्याशी बंद खोलीत बोलणे, एवढ्यात काम होत असे.

त्यांनी दिलेल्या या दिलाशानंतर अवघ्या दोन महिन्यांनी नाइटीचे प्रकरण घडले. श्रोते हो, त्या प्रश्नाकडे पुन्हा एकदा नीट पाहा. तो जोडीदारांमधल्या कुठल्या चोरट्या संबंधांबद्दल नव्हता. चर्चमध्ये विधिपूर्वक लग्न झालेल्या जोडप्याच्या पहिल्या रात्रीबद्दल होता. चर्चच्या शिकवणीनुसार त्यात पाप कुठेच नव्हते. मग बिशप इतके का संतापले? कारण आक्षेप बोलण्याला होता. लग्न करा, मुले होऊ द्या, पण त्याबद्दल हसून, मोकळेपणाने, परक्यांसमोर बोलू नका. शरीराविषयी बोलण्याचा अधिकार प्रवचनाच्या आणि कबुलीजबाबाच्या जागेपुरता राखून ठेवलेला होता. तो एका गृहिणीने, नकळत, एका वाक्यात आपल्या हातात घेतला.

बिशप रायन यांची दुसरी अडचण त्यांनी स्वतःच ओढवून घेतली. मॅक्वेड यांच्यासारखे बंद खोलीत न बोलता त्यांनी थेट वृत्तपत्र गाठले. आणि एकदा प्रकरण वृत्तपत्रात आले की, बिशपांचे मत हेही एक मत होते. त्यावर लोक पत्रे लिहू लागले. काहींनी त्यांना पाठिंबा दिला, काहींनी त्यांची थट्टा केली. ‘आयरिश टाइम्स’ने अग्रलेखात सुचवले की, अभिरुचीच्या एका चुकीला नीतीवरचा घाला समजण्यात आले आहे. धर्मगुरूला विरोध झाल्याची उदाहरणे आयर्लंडमध्ये पूर्वीही होती. पण धर्मगुरूवर देशभर हसले जाणे हे नवे होते. विरोधाला शिक्षा करता येते. हसण्याला काय करणार?

पण म्हणून त्या दिवशी चर्चचा पराभव झाला असे मात्र समजू नका. वस्तुस्थिती अशी की, दूरचित्रवाणी केंद्राने दिलगिरी व्यक्त केली. प्रेक्षकांना अवघडल्यासारखे करण्याचा आपला हेतू नव्हता, हा रात्री उशिराचा, प्रौढांसाठीचा, आयत्या वेळच्या बोलण्यावर चालणारा कार्यक्रम आहे, असा खुलासा झाला. एका बिशपच्या तक्रारीपुढे देशाची प्रसारणसंस्था झुकली होती. कार्यक्रम बंद झाला नाही, एवढेच काय ते त्या वेळचे यश.

पुढच्याच महिन्यात ८ मार्चच्या पहाटे डब्लिनच्या मुख्य रस्त्यावरचा नेल्सन स्तंभ बॉम्बने उडवण्यात आला. ब्रिटिश सेनानीचा तो पुतळा दीडशेहून अधिक वर्षे शहराच्या मधोमध उभा होता. १९१६च्या ईस्टर उठावाला त्या वर्षी ५० वर्षे पूर्ण होत होती आणि सगळा देश त्याच्या तयारीत होता. हुतात्म्यांनी ज्या प्रजासत्ताकासाठी प्राण दिले, ते हेच का, असा प्रश्न अनेक तरुणांच्या मनात होता. २६ मार्चच्या ‘लेट लेट शो’मध्ये ब्रायन ट्रेव्हास्किस या ट्रिनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याने, होतकरू नाटककाराने, तो मोठ्याने विचारला.

ट्रेव्हास्किसचा रोख गॉलवेच्या नव्या कॅथेड्रलवर होता. जुन्या तुरुंगाच्या जागेवर बांधलेली ही भव्य वास्तू आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये समर्पित झाली होती. ती त्याला कुरूप वाटली, आणि ती उभारणाऱ्या बिशप मायकल ब्राउन यांना त्याने सरळ ‘मूर्ख’ म्हटले. डब्लिनच्या आर्चबिशपांनाही त्याने सोडले नाही. जॉन मॅकगॅहर्न या लेखकाची ‘द डार्क’ ही कादंबरी १९६५ साली सेन्सॉरने बंद केली होती आणि पाठोपाठ त्यांची शाळेतली शिक्षकाची नोकरीही गेली होती. त्या अन्यायाबद्दल ट्रेव्हास्किसने जाब विचारला. अर्थातच गदारोळ उठला. गॉलवेत निषेध झाले. त्याला पुन्हा कार्यक्रमात बोलावण्यात आले, तेव्हाही त्याने बिशपांवरची टीका थांबवली नाही. ख्रिस्ती धर्म म्हणजे काय हे तरी त्यांना ठाऊक आहे का, असा त्याचा सवाल होता. तो विचारताना त्याने एका कुमारी मातेच्या दुःखाचा दाखला दिला.

नाइटी आणि कॅथेड्रल, या दोन प्रसंगांत किती फरक आहे पाहा. पहिल्यात एक बाई काही ठरवून बोलली नव्हती, तिच्या तोंडून सहज निघून गेले. दुसऱ्यात एक तरुण समजून-उमजून, नाव घेऊन बोलत होता. पहिला प्रसंग लोकांना आठवतो, कारण त्यात गंमत आहे. माझ्या मते दुसरा अधिक गंभीर होता. अपमानाचा शब्द त्याने वापरायला नको होता, हे खरे. पण नोकरी गमावलेला लेखक आणि समाजाने टाकलेली आई, यांची बाजू देशातल्या सर्वांत शक्तिमान माणसांच्या विरोधात मांडली जाणे ही गोष्ट त्या वेळी साधी नव्हती.

एप्रिलमध्ये ईस्टरचा सप्ताह आला. त्याच दूरचित्रवाणीने ह्यू लेनर्ड यांनी लिहिलेली, १९१६च्या उठावावरची ‘इन्सरेक्शन’ ही मालिका रोज रात्री दाखवली. उठाव जणू आज घडतो आहे आणि वार्ताहर त्याची बातमी देत आहेत, अशी तिची मांडणी होती. म्हणजे तो पडदा एकाच हंगामात हुतात्म्यांना वंदन करत होता आणि त्यांच्या वारसदारांना प्रश्नही विचारत होता. १ जूनला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. डी व्हॅलेरा जिंकले, पण केवळ १०,७१७ मतांनी. ८३ वर्षांच्या या राष्ट्रपुरुषाला तरुण प्रतिस्पर्ध्याने घाम फोडला होता. देश कुस बदलतो आहे, हे आकड्यांतूनही दिसू लागले.

सत्ताधाऱ्यांनाही ते कळत होते. ऑक्टोबर १९६६मध्ये पंतप्रधान शॉन लेमास यांनी संसदेत ठणकावून सांगितले की, प्रसारणसंस्था ही कायद्याने निर्माण केलेले सार्वजनिक धोरणाचे साधन आहे आणि ती सरकारला जबाबदार आहे. अर्थ स्पष्ट होता, फार पुढे जाऊ नका. ऑलिव्हर फ्लॅनगन या खासदारांच्या नावावर तर एक वाक्य आजही सांगितले जाते. दूरचित्रवाणी येण्याआधी आयर्लंडमध्ये कामवासना नव्हतीच, असा त्याचा आशय. लोक ते विनोद म्हणून सांगतात. पण जे बोलले जात नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणाऱ्या समाजाचे ते अगदी अचूक वर्णन आहे.

मग या कार्यक्रमाने आयर्लंड बदलला का? अनेक जण तसे म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र इथे जरा सावध राहावे. याच काळात उद्योग वाढत होते, खेड्यापाड्यांत वीज पोहोचली होती, १९६७पासून माध्यमिक शिक्षण मोफत होऊ लागले, त्याच वर्षी पुस्तकांवरची बंदी बारा वर्षांनी आपोआप उठण्याचा कायदा झाला. या साऱ्यांनी मिळून देश बदलला. शिवाय कायदे किती सावकाश बदलले ते पाहा. चर्चचे ‘विशेष स्थान’ राज्यघटनेतून १९७२ साली गेले. मे १९७१मध्ये काही स्त्रिया आगगाडीने बेलफास्टला गेल्या, गर्भनिरोधके घेऊन उघडपणे परतल्या आणि त्यांच्यापैकी काही जणी त्याच रात्री ‘लेट लेट शो’त बसल्या. तरी अशी साधने कायदेशीर व्हायला १९७९ साल उजाडले आणि तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. ती अट ढिली झाली १९८५ साली. घटस्फोटाची परवानगी तर १९९५च्या सार्वमतात अगदी निसटत्या बहुमताने मिळाली. १९६६च्या त्या हशापासून कायद्यापर्यंतचे अंतर असे वीस-तीस वर्षांचे आहे.

दूरचित्रवाणीने लोकांची मते बदलली असतील वा नसतील. पण आपल्यासारखाच विचार करणारे आणखी कोणी आहेत, हे तिने त्यांना दाखवले. आपल्या मनातली शंका फक्त आपलीच, असे मानून जो माणूस गप्प बसलेला असतो, त्याला तीच शंका दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली की तो एकटा राहत नाही. ‘लेट लेट शो’चे काम मला एवढेच, पण फार मोठे वाटते.

आणि तरीही, श्रोते हो, या हंगामाचा हिशेब मांडताना एक बाजू कोरी राहते. १९६६ साली, देश नाइटीवरून वाद घालत होता त्याच दिवसांत, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना माता-बालक गृहांत पाठवले जात होते. ‘मॅग्डलेन’ धुलाईगृहांत स्त्रिया विनावेतन राबत होत्या. धर्मसंघांच्या औद्योगिक शाळांत मुले मार आणि अत्याचार सोसत होती. बिशप ब्राउन यांच्या गॉलवे परगण्यातल्या लेटरफ्रॅकची अशी शाळा १९७४पर्यंत चालू होती. शनिवारच्या त्या गप्पांत यांच्यापैकी कोणाला जागा नव्हती. एका विद्यार्थ्याने जाता जाता एका कुमारी मातेचा उल्लेख केला, तर तोही ‘बिशपांचा अपमान’ या आरोळीत बुडून गेला. वाद झाला तो शब्दावर. त्या आईचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

त्यांचा आवाज ऐकू यायला अजून अठरा वर्षे जायची होती आणि तो पडद्यावरून आला नाही, आपल्या या माध्यमातून, रेडिओवरून आला. १९८४च्या आरंभी एका १५ वर्षांच्या शाळकरी मुलीचा, कोणालाही न सांगता बाळंत होताना, उघड्यावर मृत्यू झाला. तिचे बाळही वाचले नाही. गे बर्न तेव्हा रोज सकाळी रेडिओवरही कार्यक्रम करत असे. त्याच्याकडे पत्रांचे गठ्ठे येऊ लागले. कित्येक स्त्रियांनी, काहींनी तर म्हातारपणी, आयुष्यात पहिल्यांदा आपली अशीच हकिगत लिहून पाठवली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती पत्रे एकापाठोपाठ एक, फारसे भाष्य न करता, वाचून दाखवली. नाइटीच्या प्रश्नावर हसलेला देश त्या सकाळी गप्प होऊन ऐकत होता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. शेवटचे मॅग्डलेन धुलाईगृह १९९६ साली बंद झाले. औद्योगिक शाळांवरचा चौकशी अहवाल २००९ साली आला. २०१३ साली पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत धुलाईगृहांतल्या स्त्रियांची माफी मागितली. माता-बालक गृहांच्या चौकशी आयोगाने २०२१ साली सांगितले की, तपासलेल्या १८ संस्थांत मिळून सुमारे ९,००० बालके दगावली होती.

गे बर्नने मे १९९९मध्ये ‘लेट लेट शो’चा निरोप घेतला. नोव्हेंबर २०१९मध्ये तो गेला तेव्हा सारा देश हळहळला. त्याच्यानंतर पॅट केनी, रायन टब्रिडी आणि २०२३पासून पॅट्रिक किल्टी असे सूत्रसंचालक आले. सुरुवातीच्या वर्षांतले बरेच भाग जतनच केले गेले नाहीत. १९६६चा तो फेब्रुवारी आपल्याला कळतो तो मुख्यतः वृत्तपत्रांच्या बातम्यांतून, वाचकांच्या पत्रांतून आणि लोकांच्या आठवणींतून. म्हणजे बिशपांनी तक्रार केली नसती, तर तो प्रश्न आणि ते उत्तर दुसऱ्या आठवड्यात लोक विसरून गेले असते. बोलणे थांबवू पाहणाऱ्यानेच ते बोलणे इतिहासात नोंदवून ठेवले.

त्या वेळी सोबतच्या कितीतरी कहाण्यांवर कोणी तक्रारही केली नव्हती, कारण त्या कोणी सांगितल्याच नव्हत्या. त्यांची नोंद व्हायला पत्रे लिहिणाऱ्या त्या बायका आणि ती मोठ्याने वाचणारा एक माणूस लागला. एखाद्या काळाचा इतिहास वाचताना तेव्हा कशावरून वाद झाले हे आपण पाहतोच. त्याबरोबर, तेव्हा कोणाला काहीच विचारले गेले नव्हते, हेही पाहायला हवे.